‘जाल्लो’ चित्रपट : पाहिलेले आणि आठवलेले

इटालियन भाषेत ‘जाल्लो’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पिवळा’ एवढाच आहे. १९२९ साली मोंदादोरी या इटालियन प्रकाशनसंस्थेने पिवळ्या मुखपृष्ठांची एक रहस्यकथामाला सुरू केली. तिच्यातील पहिले पुस्तक एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीचे भाषांतर होते. १९४१ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ही माला बंद पाडली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली. तोवर मुखपृष्ठाचा रंग हेच एका वाङ्मयप्रकाराचे नाव होऊन बसले होते. इटालियन वाचक आजही कोणत्याही रहस्यकथेला, मग ती ॲगाथा ख्रिस्तीची का असेना, ‘जाल्लो’च म्हणतो. मराठी वाचकाने मात्र येथे थोडे सावध असावे. आपल्याकडे ‘पिवळी पुस्तके’ म्हटले की निराळ्याच, चोरून वाचावयाच्या वाङ्मयाची आठवण होते. त्या अर्थाशी या शब्दाचा संबंध नाही.

इटलीबाहेर या संज्ञेला एक संकुचित अर्थ प्राप्त झाला आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत इटलीत निर्माण झालेले एका विशिष्ट धाटणीचे खूनपट, असा तो अर्थ होय. काळे हातमोजे घातलेला अनोळखी खुनी, त्याच्या हातातील चकाकते पाते, भडक रंगांनी उजळलेले दालन आणि योगायोगाने खुनाचा साक्षीदार झालेला एखादा परदेशी मनुष्य, ही या चित्रपटांची परिचित सामग्री. प्रस्तुत लेखात ‘जाल्लो’ हा शब्द याच अर्थाने योजिला आहे.

रहस्यकथेच्या रूढ निकषांवर हे चित्रपट तपासू गेल्यास बहुतेकांच्या पदरी निराशाच येते. कथानकात योगायोगांची रेलचेल असते, खुनामागील हेतू ओढूनताणून आणलेला असतो, आणि अखेरचा उलगडा पुष्कळदा आधीच्या प्रसंगांशी नीट जुळतही नाही. असे असूनही या चित्रपटांना इटलीत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, आणि निर्मितीचा भर ओसरून कित्येक वर्षे लोटल्यावरही देशोदेशींचे रसिक ते आवडीने पाहतात. हे का व्हावे? हिंसा, विवस्त्रता आणि भीती यांचे आकर्षण, हे याचे नेहमी दिले जाणारे उत्तर होय. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. हे तिन्ही गुण इतर अनेक चित्रपटप्रकारांत विपुल आढळतात. जाल्लोचे स्वतःचे असे काय आहे, याचा शोध अन्यत्र घ्यावयास हवा.

या शोधात आपल्या न्यायदर्शनाची परिभाषा उपयोगी पडते. अभिजात रहस्यकथा ही अनुमानाची कथा आहे. धूर दिसला म्हणून अग्नीचे ज्ञान व्हावे, त्याप्रमाणे चिखलाच्या ठशावरून, सिगारेटच्या राखेवरून गुप्तहेर खुन्यापर्यंत पोहोचतो. तेथे जे डोळ्यांना दिसते ते निर्विवाद असते. वाद असतो तो त्याच्या अर्थाविषयी. जाल्लो चित्रपटात संशय याच्या अलीकडे, खुद्द प्रत्यक्षावरच घेतलेला असतो. साक्षीदाराने खून पाहिलेला असतो. आपण काहीतरी महत्त्वाचे पाहिले आहे हेही त्याला ठाऊक असते. मात्र काय पाहिले ते त्याला नीट आठवत नाही, आणि जे आठवते ते पाहिलेल्याशी जुळत नाही. नैयायिक स्मृतीला प्रमा मानीत नाहीत. जाल्लोचा नायक ही गोष्ट स्वतःच्या जिवावर उदार होऊन शिकतो आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर शिकतो.

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः मारियो बाव्हा या दिग्दर्शकाच्या १९६३ सालच्या ‘फार जाणणारी मुलगी’ या अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रपटापासून मानला जातो. हिचकॉकच्या एका सुप्रसिद्ध चित्रपटाच्या नावाचे पडसाद या शीर्षकात उघड आहेत. नोरा ही अमेरिकन तरुणी विमानाने रोमला येत असताना रहस्यकथाच वाचीत असते. त्याच रात्री, स्पॅनिश पायऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी, ती एका स्त्रीचा खून पाहते. पण तिच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. रहस्यकथा वाचून डोके फिरलेल्या मुलीला भास झाला असेल, ही शंका चित्रपटाने आरंभीच पेरून ठेवली आहे. दुसऱ्याच वर्षी बाव्हाने ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’ हा रंगीत चित्रपट काढला. रोममधील एका उंची वस्त्रालयात घडणाऱ्या या कथेत खुन्याचा चेहरा पांढऱ्या कापडाने झाकलेला आहे. चेहऱ्यावाचूनचा खुनी आणि रंगांनी न्हालेले मृत्यू हा पुढील जाल्लोपटांचा वारसा येथून आला.

तथापि या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती दारिओ आर्जेंतो याच्या १९७० सालच्या ‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’ या पहिल्याच चित्रपटाने. तो प्रथम रोममधील एका दैनिकात चित्रपटसमीक्षक होता. या चित्रपटाचा नायक एक अमेरिकन लेखक आहे. रात्री एका कलादालनापाशी काळ्या वेशातील आकृती आणि पांढरी वस्त्रे ल्यालेली स्त्री यांची सुरी घेऊन चाललेली झटापट त्याला दिसते. तो मदतीला धावतो, आणि काचेच्या दोन दारांमध्ये अडकून पडतो. त्याला सर्व दिसते. ऐकू काही येत नाही आणि करता काही येत नाही. ही अवस्था चित्रपटगृहातील प्रेक्षकाचीच अवस्था आहे, हे निराळे सांगावयास नको. पुढे सबंध चित्रपटभर तो हे दृश्य पुनःपुन्हा आठवीत राहतो. त्यात काहीतरी चुकते आहे, एवढेच त्याला जाणवते. अखेरीस उलगडते ते असे, की हल्लेखोर ती स्त्रीच होती. काळ्या वेशातील पुरुष तिला आवरीत होता.

येथे चित्रपटाने प्रेक्षकापासून काहीही लपविलेले नाही. दोन माणसे आणि एक सुरी एवढेच दाखविले होते. पुरुष मारणारा आणि स्त्री मरणारी ही भर आपण घातली. दोरीवर सर्प पाहणाऱ्याच्या मनात सर्पाचा संस्कार आधीच असावा लागतो. तसाच हा संस्कार आपण घरून घेऊन आलो होतो.

आर्जेंतोचे पुढील चित्रपट या एकाच सूत्राची वेगवेगळी रूपे आहेत. ‘नऊ शेपट्यांचे मांजर’ (१९७१) यात मुख्य साक्षीदार आंधळा आहे. त्याने जे जाणले ते कानांनी. त्याच वर्षीच्या ‘करड्या मखमलीच्या चार माश्या’ या चित्रपटात मृत स्त्रीच्या नेत्रपटलावर उमटलेली अखेरची प्रतिमा यंत्राने टिपली जाते. प्रतिमेत चार माश्या दिसतात. पुरावा डोळ्यातूनच काढला आहे, तरी तो काय सांगतो हे कोणालाच कळत नाही. कारण त्या चार माश्या म्हणजे खुनी स्त्रीच्या गळ्यात हेलकावणारे एकच पदक असते.

या सूत्राची परिणती ‘प्रोफोंदो रोस्सो’, म्हणजे ‘गडद तांबडा’, या १९७५ सालच्या चित्रपटात झाली आहे. मार्क हा इंग्रज पियानोवादक खून झालेल्या घरात धावत शिरतो आणि चित्रांनी भरलेल्या एका मार्गिकेतून पुढे जातो. नंतर त्याला वाटत राहते, की त्या भिंतीवरील एक चित्र नाहीसे झाले आहे. वस्तुतः ते चित्र नव्हतेच. तो आरसा होता, आणि त्यात त्याने खुन्याचा चेहरा पाहिला होता. प्रेक्षकानेही तो चेहरा पाहिलेला असतो. कॅमेरा त्या आरशावरून जातो तेव्हा चेहरा पडद्यावर स्पष्ट असतो. पण त्या क्षणी तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९७५ च्या प्रेक्षकाला चित्रपट थांबवून मागे नेण्याची सोय नव्हती. खात्री करून घ्यावयाची तर पुन्हा तिकीट काढणे हाच मार्ग होता.

हा चेहरा कोणाचा? मार्कच्या मित्राच्या वृद्ध आईचा. ही भूमिका क्लारा कालामाई या अभिनेत्रीने केली आहे. व्हिस्कोन्तीच्या १९४३ सालच्या ‘ओस्सेस्सिओने’ची ती नायिका होती. चित्रपटातील ही आईही पूर्वीची नटीच आहे आणि आपली जुनी छायाचित्रे ती पाहुण्याला हौसेने दाखविते. एके काळी जिच्या चेहऱ्यावर साऱ्यांची नजर खिळत असे, ती आता समोर असूनही कोणाला दिसत नाही. आपण म्हाताऱ्या बाईकडे पाहत नाही, हेच तिचे लपण्याचे ठिकाण आहे.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावयास हवा. या चित्रपटांत स्त्रियांचे मृत्यू ज्या सावकाशीने, ज्या सौंदर्यदृष्टीने चित्रित होतात, तिचे समर्थन कसे करावयाचे? एन्यो मोर्रिकोनेसारख्या संगीतकाराचे मधुर सूर त्या मृत्यूंवर पसरलेले असतात. काव्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर भयानक आणि बीभत्स यांना येथे शृंगाराची वेशभूषा चढविलेली असते. आर्जेंतोच्या चित्रपटांत खुन्याचे हातमोजे घातलेले हात अनेकदा खुद्द दिग्दर्शकाचेच असत. ही गोष्ट या आक्षेपाला बळच देते. पाहणाऱ्याची चूक दाखवून देणारा चित्रपट त्याच्या वासनेला खाद्यही पुरवीत असतो. पुष्कळशा दुय्यम जाल्लोपटांत दुसरी गोष्टच तेवढी उरली आहे, हे मान्य केले पाहिजे. या प्रकाराचे मोल ठरविताना चांगल्या कृतींचा आधार घेऊन साऱ्यांना पदरात घेणे योग्य होणार नाही.

मात्र पाहण्यातील चूक ही व्यक्तीची न राहता समाजाची होते, तेव्हा हा प्रकार कोठवर जाऊ शकतो याचे एक उदाहरण देणे अवश्य आहे. लुच्यो फुल्ची याच्या १९७२ सालच्या एका चित्रपटात दक्षिण इटलीतील कल्पित गावात लहान मुलांचे खून होत आहेत. गावाचा संशय चेटूक करणाऱ्या एका स्त्रीवर जातो. पोलीस तिला निर्दोष ठरवून सोडून देतात. पण गावकरी तिला स्मशानभूमीत गाठून साखळ्यांनी मारतात. ती सरपटत हमरस्त्यापर्यंत येते. सुट्टीला निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी तिच्यासमोरून निघून जातात. एकही थांबत नाही. खुनी असतो गावाचा तरुण, लोकप्रिय धर्मगुरू. त्याच्याकडे संशयाने पाहण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती. चेटकीण ठरवून स्त्रीचा बळी घेतला जाणे भारतीय वाचकाला अपरिचित नाही. म्हणून हा प्रसंग त्याला इटालियन प्रेक्षकाइतकाच जवळून जाणवेल.

इटालियन साहित्यातही उलगड्याविषयीचा हा अविश्वास याआधीच व्यक्त झाला होता. गाद्दा याने १९५७ सालच्या आपल्या रोममधील खुनाच्या कादंबरीत गुन्हेगाराचे नाव अखेरपर्यंत उघड केले नाही. शाशा याच्या १९६१ सालच्या सिसिलीविषयक कादंबरीत तपास अधिकाऱ्याला सत्य उमगते, पण त्याने उभे केलेले प्रकरण मोडून टाकले जाते. ‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’ प्रदर्शित होण्यापूर्वी थोडेच दिवस, १२ डिसेंबर १९६९ रोजी, मिलानमधील एका बँकेत झालेल्या स्फोटात सतरा माणसे मृत्युमुखी पडली. त्याचे तपास आणि खटले कित्येक दशके चालले. हे चित्रपट त्या घटनेवर आधारलेले आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ज्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले, त्यांना डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचाही निवाडा लागत नाही हा अनुभव नवा राहिला नव्हता, एवढे म्हणता येते.

भारतीय भाषांतील रहस्यकथेच्या अभ्यासकाला यातून एक सूचना मिळते. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. तरी या वाङ्मयाचा विचार करताना आपण बहुधा कथानकाची बांधणी आणि उलगड्याची तर्कशुद्धता हीच मापे लावतो आणि ते उणे ठरवून बाजूस ठेवतो. जाल्लोही या मापाने उणाच ठरतो. वाचक किंवा प्रेक्षक अशा कृतींकडे कोणती गोष्ट अनुभवण्यासाठी परत परत येतो, हा प्रश्न आधी विचारला, तर माप कोणते लावावयाचे हे ठरविणे सोपे जाईल. जाल्लोच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे उत्तराचा आनंद नव्हे. आपण सर्व पाहिले होते आणि तरी आपल्याला दिसले नव्हते, ही अखेरीस होणारी जाणीव होय. ती अपमानकारक आहे. तरीही प्रेक्षक तीसाठी पुन्हा येतो.