अंगावर काढलेला ताप

प्रश्न : करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी गावी आई-बाबांना दिवसातून तीनदा फोन करून ‘ऑक्सिजन किती?’ विचारायचे. त्याच आठवड्यात मला ताप आला, तो मात्र गोळीवर काढला. घरात सांगितलंही नाही. असं का होतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून आमच्या स्वयंपाकघरातलं २०२१ चं ‘कालनिर्णय’ आठवलं. एप्रिलच्या चौकोनांत पेन्सिलीने आईचे आकडे : ९७, ९६, ९७. ऑक्सिमीटर तिच्या बोटाला रोज मीच लावायचे.

आई-बाबांबद्दलची भीती खोटी नव्हती. साठी उलटलेल्यांना, मधुमेह-रक्तदाब असणाऱ्यांना हा आजार खरोखरच जास्त घातक होता. शिवाय बाबा मास्क हनुवटीवर ओढून मंडईत जातात की काय, हे आपल्या हातात नसतं. हातात नसतं त्याचाच घोर लागतो.

स्वतःबद्दल मात्र ‘मला काय होतंय!’ नील वाइनस्टीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हेच विचारून पाहिलं. वाईट गोष्टी आपल्यापेक्षा बरोबरच्यांच्याच वाट्याला येतील, असा त्यांचा एकूण कल निघाला. त्यात आपल्याकडच्या बायकांना दुखणं अंगावर काढायची सवय. डबे, धुणी, मुलांची ऑनलाइन शाळा, यातून झोपायचं कधी? या सोसण्याचं कौतुक होतं, ते मला कधीच पटलेलं नाही.

करोनात तर ते जिवावर बेतणारं होतं. ऑक्सिजन खाली गेला तरी कित्येकांना धाप लागत नसे. म्हणूनच सहा मिनिटं चालून पुन्हा आकडा बघा, असं डॉक्टर सांगत. ‘बरं वाटतंय’ यावर विसंबताच येत नव्हतं. आणि लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो. म्हणजे ताप लपवून आपण पोळ्या लाटतो, तेव्हा ज्यांच्यासाठी जीव तुटतो त्यांनाच धोका. तुमची काळजी अगदी खरी होती, पण फोन उचलण्याआधी थर्मामीटर स्वतःला लावायला हवा होता.

हे मी अधिकाराने सांगत नाही. त्या एप्रिलमध्ये मलाही खोकला होता. एका संध्याकाळी वहिनीने आईच्या बोटावरचं ऑक्सिमीटर काढून माझा हात ओढला आणि मला न विचारता लावलं. आकडा ९१ आला. ‘कालनिर्णय’च्या त्या पानावर माझा तेवढा एकच आकडा आहे, तोही वहिनीच्या अक्षरात.