रस्ता नवा करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे 'सबग्रेड'ला मराठीत काय म्हणतात हे मला साइटवरच्या मुकादमांनी शिकवलं. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या आहेत, उरलेल्या माझ्या!

विषय आपल्या रोजच्या पायाखालचा आहे. कॉलेजच्या गेटपासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता. मागच्या वर्षी पावसाळ्यात आपल्या मेसच्या मावशी याच रस्त्यावर पडल्या. कुठल्याशा केबलसाठी खणलेला चर नुसती माती लोटून बुजवला होता, तो पावसात खचला. संध्याकाळची वेळ, वर पाणी साचलेलं. मावशींचं मनगट मोडलं. महिनाभर आपण बाहेरचं खाल्लं आणि मेस बंद म्हणून कुरकुर केली. मीही केली. मावशींचा महिन्याचा पगार बुडाला, हे मला फार नंतर कळलं.

पुढच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी हाच रस्ता घेतला: 'रस्त्याच्या पुनर्बांधणीचे नियोजन'. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ उभं राहून वाहनं मोजली, खड्ड्यांचे फोटो काढले, जुनं डांबर काढून नवं टाकायचं असा अंदाज तयार केला आणि रिपोर्ट सरांपुढे ठेवला. सरांनी शेवटपर्यंत चाळला आणि एवढंच विचारलं, "यात चालणारी माणसं कुठे आहेत?"

आमच्या तक्त्यात ट्रक होते, बस होत्या, रिक्षा होत्या. मावशी नव्हत्या. त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने सांगते. स्थापत्यवाल्यांना यातलं काही माहीत असेलच, पण मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या मंडळींनीही वाचावं. चालतो तर आपण सगळेच!

पायरी पहिली : रस्ता का मेला?

डॉक्टर औषध देण्याआधी रोग ओळखतो. रस्त्याचंही तसंच. खड्डा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रोग साधारण चार असतात.

पहिला, पाणी. डांबर खडीला धरून ठेवतं, पण फटीतून पाणी आत शिरलं की ही पकड सुटते. वरून चाकं दाबतात, आतलं पाणी बाहेर येताना बारीक माल घेऊन येतं आणि खड्डा पडतो. म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता ठेवतात. दोन टक्के उतार धरला तर 7 मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्य हा कडेपेक्षा 7 सेंटिमीटर उंच हवा. आपल्या रस्त्यावर आम्ही दोरी आणि पट्टी लावून पाहिलं. निम्म्या ठिकाणी मध्यच खाली होता!

दुसरा, खोदकाम. चर बुजवताना माती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसने ठोकायचा असतो. एकदम ढिगारा लोटला तर माती वर्षभर बसत राहते आणि वरचं पॅचवर्क तिच्याबरोबर खाली जातं. मावशींचा अपघात इथलाच.

तिसरा, थरावर थर. दरवेळी जुनं न खरवडता वर 4 सेंटिमीटरचा नवा थर दिला, तर पाच वेळांत रस्ता 20 सेंटिमीटर वर येतो. फुटपाथची कडा साधारण 15 सेंटिमीटर उंच असते. म्हणजे फुटपाथ चक्क बुडाला! चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि जुन्या दुकानांच्या उंबऱ्यातून पाणी आत येतं. म्हणून आधी मिलिंग मशीनने जुना थर काढायचा, मगच नवा द्यायचा.

चौथा, जड वाहनं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून ढोबळ नियम निघाला की रस्त्याचं नुकसान हे आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान 16 पट. म्हणजे आपल्या स्कूटी कितीही फिरल्या तरी रस्त्याला फरक पडत नाही. पाण्याचे टँकर आणि वाळूचे डंपर खरे हिशेबात धरायचे.

पायरी दुसरी : खाली काय दडलंय?

शहरातला रस्ता हा खरं तर झाकण आहे. खाली सांडपाण्याची लाइन, पावसाळी गटार, पिण्याच्या पाण्याची लाइन, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबल, कुठे गॅस. नकाशे बहुधा अर्धवट असतात, त्यामुळे ठिकठिकाणी आडवे चर घेऊन प्रत्यक्ष पाहावं लागतं. जमिनीत लहरी सोडून पाइप शोधणारं रडार यंत्रही वापरतात.

इथे क्रम महत्त्वाचा. सांडपाणी उताराने वाहतं, त्याला पंप नसतो, म्हणून ती लाइन सगळ्यात खोल आणि तिचं काम सगळ्यात आधी. पिण्याच्या पाण्याची लाइन तिच्यापासून शक्यतो 3 मीटर बाजूला आणि वरच्या पातळीवर, म्हणजे गळती झाली तरी घाण पाणी नळात जाणार नाही. केबलसाठी फुटपाथखाली डक्ट करायचा आणि थोड्या थोड्या अंतरावर रस्ता ओलांडणारे रिकामे पाइप टाकून ठेवायचे. ते आज कोणालाच लागत नाहीत. पण उद्या कोणी केबल टाकायला आलं, तर ती या पाइपातून जाईल आणि रस्ता फोडावा लागणार नाही. अंदाजपत्रकात काटछाट करताना पहिली कात्री नेमकी या रिकाम्या पाइपांनाच लागते, असं साइटवरचे लोक सांगतात.

पायरी तिसरी : मोजायचं काय?

आमची चूक इथली. आपण शिकतो ते पीसीयू. एक कार म्हणजे 1, दुचाकी साधारण अर्धी, बस दोन-तीन कारइतकी. याने वाहनांनी किती जागा अडवली ते कळतं, किती माणसं गेली ते कळत नाही. 50 प्रवाशांची बस तक्त्यात तीन, आणि एकेक माणूस बसलेल्या तीन कारही तीनच! पायी चालणारा तर या तक्त्यात येतच नाही.

आम्ही पुन्हा मोजणी केली. या वेळी माणसं मोजली. कोण कुठून रस्ता ओलांडतं, कोण फुटपाथ सोडून डांबरावरून चालतं आणि का सोडतं. कारणं साधी निघाली. मध्येच विजेचा डीपी, मध्येच तुटलेली फरशी, प्रत्येक दुकानाच्या दारात फुटपाथ खाली, मग पुन्हा वर. मावशी डांबरावरून का चालतात हे विचारायची गरजच उरली नाही. डोक्यावर पातेलं घेऊन तो फुटपाथ तुम्ही चालून दाखवा!

पायरी चौथी : रुंदीची वाटणी

समजा रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत 18 मीटर आहे. पहिला मोह होतो की सगळं वाहनांना द्यावं, उरेल तो फुटपाथ. उलटं करून पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार निव्वळ चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. मोकळी म्हणजे खांब, झाड, पायऱ्या सोडून. बाजारपेठ आहे म्हणून दोन्हीकडे 3-3 मीटर देऊ, झाले 6. वाहनांना दोन लेनचे 7. उरले 5. ते दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरचा पट्टा म्हणून ठेवायचे. त्यात झाडं, दिव्याचे खांब, बसस्टॉप, थोडं पार्किंग आणि हातगाड्या.

हातगाड्या वाचून काहींनी नाक मुरडलं असेल. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण आहे. आणि रात्री अकराला भुर्जीपाव आपल्याला कोण देतं? नकाशात त्यांना जागा दिली नाही तर ते नाहीसे होत नाहीत. ते चालण्याच्या पट्ट्यात उभे राहतात.

पुण्याचा धडा

सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेले तेव्हा मुद्दाम जंगली महाराज रस्ता पाहून आले. हा रस्ता 1970 च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने 10 वर्षांची हमी देऊन, त्या वेळी आपल्याकडे नवीन असलेल्या हॉट मिक्स पद्धतीने बांधला. तो 1976 मध्ये तयार झाला, आणि हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षं खड्ड्यांशिवाय राहिला म्हणून महाराष्ट्रभर नावाजला गेला.

मला वाटलं, संपलं, हाच आपला आदर्श. पण मग पुणे महापालिकेने 2016 नंतर याच रस्त्याची पुन्हा आखणी का केली? डांबर तर चांगलं होतं! आखणी बदलली ती कडांची. फुटपाथ रुंद केले, जुनी झाडं राखून बसायला जागा केली, सायकलींना पट्टा दिला, पार्किंग आखून दिलं, गाड्या वर चढू नयेत म्हणून खांब बसवले. मामी म्हणाली, आता इथे नुसतं फिरायलाही यावंसं वाटतं.

मला तिथे दोन गोष्टी कळल्या. चांगलं बांधलेलं डांबर दशकानुदशकं टिकू शकतं, त्यामुळे दर पावसाळ्याला खड्डे पडणारच ही समजूत खोटी. आणि डांबर टिकलं म्हणजे रस्ता चांगला झाला, हीसुद्धा समजूत खोटीच. आमचा पहिला रिपोर्ट फक्त डांबराचा होता.

पायरी पाचवी : थर आणि कामाचा क्रम

आता कुठे डांबराकडे येतो! तळाशी माती. तिची ताकद सीबीआर चाचणीने मोजतात, आणि नमुना चार दिवस पाण्यात भिजवून मोजतात, कारण रस्ता पावसातच हरतो. आपल्याकडे काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती काढून मुरूम भरायचा किंवा चुना मिसळून तिला शांत करायचं. त्यावर पाणी निचरून जाईल असा खडी-मुरुमाचा थर, मग पाणी मिसळून दाबलेली खडी, मग डांबराचे दोन थर. काँक्रीट करायचं असेल तर खालच्या लाइन आधीच पूर्ण हव्यात. काँक्रीट करून सहा महिन्यांत फोडणं यासारखं दुःख नाही.

काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करायचं, म्हणजे दुकानं आणि रुग्णवाहिका यांना वाट राहते. खोदकाम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करायचं नाही. आणि काम चालू असताना माणसांनी कुठून चालायचं, हे नकाशात पहिल्या दिवसापासून दाखवायचं. चराला कठडा, रात्री दिवा, वर भक्कम फळी. एकूण खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. एवढं असतं तर मावशींचा हात वाचला असता.

आमचा दुसरा रिपोर्ट सरांनी स्वीकारला. त्याची एक प्रत नकाशासह संबंधित कार्यालयात देऊन आलो. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. रस्ता कधी होईल ते आमच्या हातात नाही. पण या जूनमध्ये पुन्हा चर खणला गेला, तेव्हा आमच्या विंगमधल्या मुलींनी दोन बांबू, दोरी आणि एक लाल कापड बांधून आधी कठडा केला आणि मग तक्रार लिहिली.

मावशी आता पुन्हा स्वयंपाकाला येतात. पोळ्या लाटताना डावा हात अजून दुखतो म्हणतात. त्यांना आमचा नकाशा दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि विचारलं, "यात बसायला जागा कुठं ठेवली गं? एवढं ओझं घेऊन मध्ये टेकावं लागतं."

ठेवली नव्हती. आता ठेवली आहे.