इंग्रजी विधानांतील मर्यादा आणि आपली माहितीपत्रके

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगात काम करणारे रुग्ण आता आमच्या मुळशीतील चिकित्सालयात येतात ते इंग्रजी शोधनिबंधाची छापील प्रत हातात घेऊनच. औषधनिर्मातेही अशाच निबंधांतून माहितीपत्रके बेततात. म्हणून इंग्रजी लेखक आपल्या विधानाला अटी व मर्यादा कशा जोडतात, हे जाणणे वैद्यास आवश्यक झाले आहे.

प्रथम आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याच्या विनंतीवरून आम्ही मधुमेहावरील चूर्णाचे इंग्रजी पत्रक मराठीत आणले. मुळातील आशय असा होता की, चालू उपचारांच्या जोडीने घेतल्यास काही रुग्णांत रक्तशर्करा कमी होण्यास या चूर्णाचे साहाय्य होण्याची शक्यता आहे. आमच्या मराठीत उरले ते इतकेच : 'रक्तशर्करा कमी करते.' पत्रक वाचून एका रुग्णाने आपल्या नेहमीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा उपाशीपोटीची शर्करा तीनशेच्या वर होती.

आम्ही गाळलेले शब्द नम्रतेचे अलंकार नव्हते. ते विधानाचाच भाग होते. येथे मराठीची एक अडचणही लक्षात घ्यावी. इंग्रजीतील 'कॅन' प्रामुख्याने सामर्थ्य सांगतो, तर 'मे' अनिश्चित शक्यता. आपण दोहोंसाठी 'करू शकते' लिहितो आणि वाचक त्याचा अर्थ सामर्थ्य असाच घेतो. 'कमी होण्याची शक्यता आहे' असे लिहिणे अधिक सुरक्षित. तसेच 'उंदरांमध्ये', 'साठ दिवसांपर्यंत' अशा मर्यादा इंग्रजीत बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. घाईचा अनुवादक तेथवर पोहोचतच नाही.

शक्यतादर्शक शब्द वाक्याच्या नेमक्या कोणत्या भागाला जोडला आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. निष्कर्षाला दोन कुंपणे होती : उत्पादने दक्षिण आशियात बनलेली आणि बोस्टनच्या त्या दुकानांत विकली जाणारी. त्यावरून 'आयुर्वेदाची पाचातील एक औषधी विषारी' असे म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही कुंपणे मोडली. परंतु आपल्यापैकी काहींनी उलट बाजूने तेच केले. निबंधात 'धोका असू शकतो' असे लिहिले आहे, म्हणजे काहीच सिद्ध झालेले नाही, असा युक्तिवाद आम्हीही ऐकला आहे. वस्तुतः शक्यतादर्शक शब्द सेवन करणाऱ्यास होणाऱ्या अपायाविषयी होता. धातू मोजून आढळले होते आणि तेथे लेखकांनी कसलीही सवलत ठेवलेली नव्हती. पुढे जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांना जड धातूंची तपासणी भारत सरकारने सक्तीची केली, ती कोणत्याही 'शक्यते'मुळे नव्हे.

अश्वगंधेचे उदाहरण औषधनिर्मात्यांच्या अधिक जवळचे आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दीर्घकालीन तणाव असलेल्या ६४ व्यक्ती होत्या; औषधगटास मूळाचा संहत अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला गेला. तणाव घटल्याचे दिसले. आता साधे अश्वगंधाचूर्ण विकणाऱ्याने तो निष्कर्ष आपल्या डबीवर छापावा काय? अर्क निराळा, मात्रा निराळी. आमच्या मते छापू नये.

आणखी एक फरक थोडक्यात. 'गुण येतो असा पुरावा नाही' आणि 'गुण येत नाही असा पुरावा आहे' ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले वाचून रागावण्याचे कारण नाही, आणि त्याला अनुकूल मत मानण्याचेही नाही.

वास्तविक ही शिस्त आपणांस परकी नाही. चरकसंहितेत सिद्धिस्थानाच्या शेवटी ३६ तंत्रयुक्ती आहेत, सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ३२. त्यांतील 'एकान्त' म्हणजे निरपवाद विधान. त्रिवृत् विरेचन करते, हे त्याचे उदाहरण. कोठे असे, कोठे तसे, तो 'अनेकान्त'. आणि 'अपवर्ग' म्हणजे सामान्य नियमातून वगळलेला विशेष : विषबाधितास स्वेदन देऊ नये, कीटविष मात्र वगळून. पदवीच्या परीक्षेसाठी आपण ही नावे घोकली. इंग्रजी निबंध वाचताना ती आठवत नाहीत, एवढेच. इंग्रजी वाक्यातील 'अनलेस' वा 'एक्सेप्ट' दिसताच अपवर्ग शोधावा.

औषधनिर्माते बंधूंसाठी एक सूचना आवश्यक वाटते. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह व कर्करोग आहेत. त्या रोगांवरील औषधाची सार्वजनिक जाहिरात मुळातच निषिद्ध असल्याने 'शक्यता आहे' असे लिहून सुटका होत नाही. पहिल्या दोषसिद्धीस सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही होऊ शकतात. आमचा तो अनुवाद कितीही काटेकोर झाला असता, तरी ते पत्रक ग्राहकांना वाटणे योग्य ठरले नसते, हे आम्हांस उशिरा उमगले.

त्या रुग्णाच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू करविल्या. दीड महिन्यात शर्करा आटोक्यात आली. औषधनिर्मात्याने आमच्या विनंतीवरून उरलेली पत्रके परत मागविली. दुकानांतून ती सर्व परत आली नाहीत.