हॉट टबचं वीजबिल नफा खातंय? आधी हे गणित करा



होमस्टेला 'जकुझी' असली की भाडं जास्त मिळतं, हे खरं. पण महिन्याचं बिल आल्यावर कळतं की जास्तीचं भाडं हीटरनेच खाल्लं. म्हणून आज टबचा चालू खर्च कसा मोजायचा आणि कसा कमी करायचा, ते बघू.

सूत्र: लिटर × वाढवायचे अंश ÷ 860 = युनिट

समजा, टब 1,000 लिटरचा आहे. पाणी 22 अंशांवरून 38 वर न्यायचंय. 16,000 भागिले 860, म्हणजे साधारण 18.6 युनिट. 10 रुपये दर धरला तर 186 रुपये. तुमच्या बिलातला खरा दर घाला.

पण हा खर्च पाणी बदलल्यावरचा. रोजचा खर्च असतो तो निसटणाऱ्या उष्णतेचा, आणि ती सर्वात जास्त जाते वाफेवाटे.

1. झाकण. एका रात्री हीटर बंद करून टब उघडा ठेवा, दुसऱ्या रात्री झाकून. दोन्ही सकाळी तापमान मोजा. समजा, उघड्या टबात 8 अंश उतरले आणि झाकलेल्यात 3. फरक 5 अंश, म्हणजे रात्रीला सुमारे 58 रुपये. फोम भरलेलं जाड झाकण परवडतं का, हे आता दुकानदाराला विचारायला नको.

2. गिऱ्हाईक नसताना हीटर बंद. 'सतत गरम ठेवलेलं स्वस्त पडतं' हा गैरसमज आहे. पाणी जितकं थंड, तितकी उष्णता कमी निसटते. 3 किलोवॅटच्या हीटरला वरचे 16 अंश चढवायला सहा-सात तास लागतात. बुकिंगची वेळ बघून तेवढं आधी चालू करा.

3. दोन अंश कमी. बाहेर 20 अंश असताना टब 40 ऐवजी 38 वर ठेवला, तर निसटणारी उष्णता अंदाजे दहा टक्के घटते.

4. बुडबुडे गरजेपुरते. ब्लोअर बाहेरची गार हवा पाण्यात सोडतो. टबात कोणी बसलं असेल तेव्हाच चालवा.

5. हीट पंप शेवटी. अनुकूल हवेत तो एका युनिटात सुमारे तीन युनिटांची उष्णता देतो. महिन्याला 300 युनिट लागत असतील तर 200 वाचतील, म्हणजे 2,000 रुपये. पंप लाखाचा असेल तर पैसे वसूल व्हायला 50 महिने! झाकणाने आधीच 300 चे 150 झाले असतील, तर 100 महिने. म्हणून क्रम महत्त्वाचा.

एक गोष्ट मात्र पक्की: फिल्टर आणि क्लोरीनमध्ये काटकसर नाही. कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. हीटर बंद असला तरी फिल्टर रोज चालला पाहिजे. एक पाहुणा आजारी पडला तर वाचवलेले सगळे पैसे गेले समजा.

आजचा गृहपाठ: दोन रात्रींची मोजणी करा, एका बुकिंगमागे टबचा खर्च किती येतो ते वहीत लिहा, आणि मगच भाडं ठरवा. टब अजून घेतलाच नसेल तर फारच छान. हे गणित खरेदीच्या आधी करा!