चेंडू जागचा हलत नाही, तरी हात का डगमगतो?



गोल्फ हा आपल्यातल्या बहुतेकांचा खेळ नाही, मान्य. फी, किट, मैदान, सगळंच महाग. पण धंद्यात 'स्वतःवर विश्वास ठेवा' या वाक्याचा इतका चोथा झालाय की त्याचा नीट अर्थ लावायला मला गोल्फच सोयीचा वाटतो. व्हिडिओत हा भाग घाईत उरकला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

क्रिकेटमध्ये बॉल तुमच्याकडे येतो. फास्ट बॉलर असेल तर बॅट्समनला अर्धा सेकंद मिळतो, म्हणजे विचाराला जागाच नाही. गोल्फमध्ये नेमकं उलटं. जेमतेम ४६ ग्रॅमचा चेंडू गवतावर गप्प बसलेला असतो आणि तुम्ही मारेपर्यंत तो हलणार नाही. १८ होलची एक फेरी चार तास चालते. चांगला खेळाडू त्यात सत्तर-बहात्तर फटके मारतो आणि एका फटक्याला लागतो सेकंद-दीड सेकंद. हिशोब करा, चार तासांत खरं मारणं फक्त दोन मिनिटांचं! बाकी सगळं चालणं आणि डोक्यातलं दळण.

आणि घात होतो तो या दळणामुळे. क्लब वर गेला की खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात 'कोपर सरळ आहे ना? खांदा आधी फिरला का?' असं तपासायला गेलात तर स्विंग मध्येच तुटतो. म्हणून गोल्फचे कोच सांगतात, स्विंगवर भरवसा ठेवा. म्हणजे काय, तर हाताला जे शिकवलंय ते त्याला करू द्या, मध्ये लुडबूड नको.

आता आपल्या काउंटरवर या. समजा लग्नासाठी २०० रिटर्न गिफ्टची चौकशी आली. तुम्ही रात्री बसून कॉस्टिंग केलंय, पॅकिंग धरलंय, मार्जिन धरलंय, आणि भाव निघालाय १४० रुपये. तुम्ही "एकशेचाळीस" म्हणता. समोरचा दोन सेकंद गप्प. लगेच आपणच म्हणतो, "बघा, दहा-वीस कमी करू आपण." अहो, त्यानं अजून मागितलंय कुठे? तो कदाचित मनात २०० चा गुणाकार करत असेल! आपण मात्र त्या दोन सेकंदांत ४,००० रुपये सोडून मोकळे. माझ्या बॅचमध्ये दर वेळी भाव सांगायचा सराव घेतो, तेव्हा निम्मे लोक इथेच घसरतात. भाव चुकलेला नसतो, स्विंग मध्येच तोडलेला असतो.

पण थांबा. इथून पुढचा भाग मोटिव्हेशनवाले सहसा सांगत नाहीत.

सायन बायलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हळूच ढकलून होलमध्ये घालण्यावर, प्रयोग केले. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे बारीक लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा खेळ बिघडला. त्याउलट कानावर पडणाऱ्या आवाजांकडे लक्ष ठेवत मारायला सांगितलं, तेव्हा ते जास्त चांगले खेळले. नवशिक्यांचं मात्र अगदी उलट झालं. हालचालीकडे लक्ष दिलं तेव्हाच त्यांचं जमलं, लक्ष दुसरीकडे गेलं की फसलं. घाई केल्यावरही तेच: मुरलेल्यांना फायदा, नव्यांना तोटा.

माझ्या मते अख्ख्या विषयाचं मर्म इथे आहे. भरवसा हा सरावानं कमावायचा असतो. तुम्ही दोनशे वेळा कोटेशन काढलं असेल तर तोंडातून भाव आपसूक येऊ द्या. दुसरंच कोटेशन असेल तर कॅल्क्युलेटर काढा, वही उघडा, "उद्या सकाळी सांगतो" म्हणा. त्यात कसली लाज?

मग विचार करायचाच नाही का? करायचा, पण कुठे करायचा ते ठरवून. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या दोन नावाजलेल्या कोच चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेघ आखायला सांगतात. रेघेच्या अलीकडे वारा, अंतर, क्लब, काय तो सगळा खल करा. रेघ ओलांडली की फक्त मारायचं. मनात शंका आली तर पुन्हा रेघेमागे या.

रेघेच्या अलीकडचं काम कच्चं राहिलं तर नुसता भरवसा काय करतो, तेही बघा. १९९९ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. फ्रान्सचा जाँ वान दे वेल्द शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत होल संपवला असता तरी विजेता तोच. तरीही त्यानं सुरुवातीला ड्रायव्हर काढला, दुसरा फटकाही सांभाळून न मारता थेट ग्रीनकडे मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून उंच गवतात आणि पुढच्या फटक्याला ओढ्यात. बूट काढून तो पाण्यात उतरला, ते दृश्य आजही दाखवतात. सात फटके झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. बिचाऱ्याच्या हिमतीला नावं ठेवायची नाहीत मला, पण गरज नसताना मोठा डाव खेळणं म्हणजे भरवसा नव्हे.

याच्या अगदी उलट आपली अदिती अशोक. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिकची शेवटची फेरी. (त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं, म्हणून सकाळचं हे बरेच जण विसरले.) जागतिक क्रमवारीत २०० वी, बॅग सांभाळायला आई, आणि शेजारी खेळतेय पहिल्या क्रमांकाची नेली कोर्डा. कोर्डाचा चेंडू दर वेळी खूप पुढे पडायचा. अशा वेळी जोर लावून तिच्याइतकं लांब मारायचा मोह कुणालाही होईल. अदितीनं तो केला नाही. लांबून का होईना, चेंडू ग्रीनवर आणायचा आणि पटिंगवर कमाई करायची, हा आपला खेळ तिनं सोडला नाही. कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं, ती चौथी आली. समोर मोठं सुपरमार्केट उघडल्यावर घाबरून त्यांच्यासारख्या स्कीम लावणाऱ्या किराणावाल्यांना मी हीच फेरी बघायला सांगतो.

या आठवड्याचं काम: सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या पाच वस्तूंचं कॉस्टिंग वहीत लिहा. भाव ठरवा आणि त्याखाली रेघ मारा. मग घरच्या कुणाला तरी गिऱ्हाईक बनवून समोर बसवा. भाव सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा, तोवर तोंड उघडायचं नाही. प्रत्येक वस्तू वीस वेळा. पुढच्या व्हिडिओत गिऱ्हाईक खरंच कमी करा म्हणालं तर काय बोलायचं ते घेणार आहे, तेव्हा ही वही जवळ ठेवा.