जास्त वॉटचा एसएमपीएस म्हणजे जास्त वीजबिल?

प्रश्न : माझ्याकडे आय-५ १२४०० प्रोसेसर आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस आहे. आता आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. दुकानदार ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवतात. मित्र म्हणतो, त्यानं बिल वाढेल आणि कार्डही जळेल. काय करू?
– एक वाचक, शहागंज, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मित्राची भीती सोडून द्या. ७५० वॉट ही एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, क्षमता आहे, रोजचा खप नव्हे. कॉम्प्युटर लागेल तेवढीच वीज ओढतो, त्यामुळे कार्ड जळण्याचा प्रश्न नाही.

हिशोब सोपा आहे. तुमचं कार्ड १७० वॉट, प्रोसेसर पूर्ण ताणावर ११७ आणि बाकी भाग साधारण ५०. म्हणजे ३४० च्या आसपास. एनव्हिडियाची शिफारस ५५० वॉटची आहे. तेवढा चांगला एसएमपीएस पुरेल. पुढे मोठं कार्ड घ्यायचं असेल, तरच ६५० किंवा ७५० घ्या.

जुना मात्र बदलाच. कॅबिनेटसोबतच्या स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॉट अनेकदा कागदावरच राहतात. नवा घेताना १२ व्होल्टवर किती वॉट मिळतात, कार्डासाठी ८ पिनची पीसीआयई वायर आहे का आणि वॉरंटी किती, हे पाहा. ‘८० प्लस’ शिक्का विजेची बचत सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही.

कार्डाला वीज देण्यासाठी मोलेक्सचे जोड वापरू नका. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. पिनांची रचना वेगळी असली तर कार्ड खरंच जळू शकतं. घरातलं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.