सार्वजनिक निधीतून तयार झालेले नकाशे आणि नागरिकांचा हक्क

बांध कोठून जातो, पाणंद कोणाच्या शेताच्या कडेने आहे, ओढ्याचे मूळ पात्र कोणते, या प्रश्नांची उत्तरे अखेरीस नकाशातच शोधावी लागतात. हा नकाशा शासन सार्वजनिक निधीतून तयार करते. असे असता तो पाहण्यासाठी व वापरण्यासाठी नागरिकाने पुन्हा मूल्य द्यावे काय, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु ग्रामीण जीवनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. बेळगावनजीकच्या पिरनवाडी या गावाचे उदाहरण समोर ठेवून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पिरनवाडी हे बेळगाव-खानापूर मार्गावरील गाव. १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील जमिनींची मोजणीही पुणे वा सातारा जिल्ह्यांप्रमाणेच मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात या पद्धतीचा पाया घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित झाले. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आपण आजही ‘इतके गुंठे, इतके आणे’ असे म्हणतो, त्याचे मूळ या साखळीत आहे.

ही मोजणी सारा ठरविण्यासाठी झाली व तो सारा शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरला. हद्दीचे दगड जपण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. गावनकाशाचे मोल त्यांनी एकदा चुकते केले आहे, ही वस्तुस्थिती या चर्चेत सहसा विसरली जाते.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे पाहू. नकाशा एकदा तयार करून भागत नाही. पोटहिस्से पडतात, रस्ते होतात, नदी पात्र बदलते. नकाशा दुरुस्त करावा लागतो व त्यासाठी मनुष्यबळ आणि यंत्रसामग्री लागते. हा खर्च सर्व करदात्यांनी का सोसावा, ज्याला नकाशा हवा त्याने द्यावा, असा हा युक्तिवाद आहे. तो निराधार नाही. तथापि शुल्कामुळे किती उत्पन्न मिळते हे पाहताना, शुल्कामुळे किती जण नकाशापासून दूर राहतात हेही मोजले पाहिजे.

या दृष्टीने अमेरिकेतील लँडसॅट उपग्रहांचा अनुभव उद्बोधक आहे. या मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडण्यात आला. पुढे छायाचित्रांच्या विक्रीचे काम खाजगी कंपनीकडे सोपविल्यावर एकेका छायाचित्राची किंमत चार हजार डॉलरांच्या वर गेली. नंतर ती ६०० डॉलरांपर्यंत उतरविण्यात आली, तरी विक्रीच्या दृष्टीने सर्वोत्तम ठरलेल्या २००१ या वर्षी सुमारे २५,००० छायाचित्रेच खपली. २००८ साली ती विनामूल्य देण्याचा निर्णय झाला आणि वर्षभरातच दहा लाखांहून अधिक छायाचित्रे लोकांनी घेतली. पीकपाणी, जंगल, दुष्काळ यांच्या अभ्यासाला त्यामुळे जी चालना मिळाली, तिच्या तुलनेत बुडालेले उत्पन्न नगण्य होते.

आपल्या देशात बदल झाला तो सावकाश. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक व जनतेसाठी एक अशा दोन स्वतंत्र नकाशामालिका केल्या. जनतेसाठीची मालिका २०१७ साली, विभागाच्या २५० व्या वर्षी, संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध झाली. मात्र त्यासाठी आधार क्रमांकाची अट होती. फेब्रुवारी २०२१ मधील केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेली भूस्थानिक माहिती, गोपनीय भाग वगळून, सर्व भारतीयांना सुलभतेने मिळावी, असे त्यांत म्हटले आहे. परंतु शासकीय यंत्रणांना ती विनामूल्य आणि इतरांना ‘रास्त व पारदर्शक’ दराने, असा भेदही त्यांतच आहे. या ‘इतरां’मध्ये मोठी बांधकाम कंपनी येते, तसाच दोन एकरांचा शेतकरीही येतो. एकच दर एकाला किरकोळ असतो, तर दुसऱ्याला जड जातो.

पिरनवाडीच्या परिसरात हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. बेळगाव शहर वाढत या बाजूला आले आहे. शेजारच्या मच्छे गावापर्यंतच्या हलगा-मच्छे वळणरस्त्यासाठी जमिनी देण्यास शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला व प्रकरण न्यायालयातही गेले. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये संपादनाची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत हरकत घ्यावी लागते. अधिसूचनेत भूमापन क्रमांक असतात, क्षेत्र असते; परंतु रस्ता शेताच्या कोणत्या अंगाने जाणार, विहीर त्यात सापडते की वाचते, हे नकाशावाचून कळत नाही. अर्ज करावा, शुल्क भरावे, नक्कल मिळण्याची वाट पाहावी, यांत हे २१ दिवस निघून जातात. येथे प्रश्न नकलेच्या किमतीपुरता उरत नाही.

शुल्क म्हणजे अन्यायच, असे मात्र म्हणता येणार नाही. कर्नाटक शासनाने ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले आणि २००० सालानंतर तालुक्याच्या ठिकाणी १५ रुपयांत उतारा देण्यास आरंभ केला. त्यापूर्वी हा कागद मिळविताना खेटे घालावे लागत व हातावर ठेवावे लागे ते वेगळेच. फलकावर लिहिलेले शुल्क व हातात पडणारी पावती यांमुळे गरिबाची सोय झाली. आता कर्नाटकातील गावनकाशे संकेतस्थळावर पाहता येतात व महाराष्ट्रातही ‘महाभूनकाशा’वर गटाचा नकाशा पाहण्यास मूल्य पडत नाही. हीच विभागणी प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. जे आधीच तयार आहे ते पाहणे व उतरवून घेणे विनामूल्य असावे. सही-शिक्क्याची प्रत घेताना, वा भूमापक प्रत्यक्ष बांधावर बोलावून मोजणी करून घेताना मात्र शुल्क असावे, कारण तेथे एका व्यक्तीसाठी वेगळे श्रम खर्ची पडतात.

सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली बेंगळुरू परिसरातील ‘भूमी’चा अभ्यास केला. माहिती एका ठिकाणी आल्याचा लाभ मोठ्या जमीन खरेदीदारांनी अधिक उठविला, असे त्यांस आढळले. म्हणजे दार सर्वांना उघडले तरी आत कोण शिरतो, हे ज्याच्या हाती साधने आहेत त्यावर ठरते. याचा अर्थ दार पुन्हा लावावे असा नव्हे. दुबळ्याला आत जाण्यास हात द्यावा, असा आहे. शाळेच्या भूगोलाच्या तासाला गावचाच नकाशा भिंतीवर असावा व सातवीच्या मुलाला त्यावरून आपले शेत दाखविता यावे, हे शिक्षकांना सहज करता येण्यासारखे आहे. ग्रामसभेपूर्वी तोच नकाशा चावडीवर लावण्यास फारसा खर्च येत नाही.

पिरनवाडीत आणखी एक अडचण आहे. तेथील बहुसंख्य शेतकरी मराठी भाषिक, तर उतारा व नकाशावरील मजकूर कन्नडमधून. आजोबांच्या पेटीतील मोडी कागद नातवाला वाचता येत नाही आणि आजचा कन्नड कागद आजोबांना. क्रमांक, क्षेत्र, खातेदार, पोटहिस्सा, पाणंद, ओढा असे दहा-वीस शब्दच नकाशाच्या समासात दोन्ही भाषांत छापले, तर विनामूल्य मिळालेला कागद कोणाकडून तरी पैसे देऊन वाचून घेण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.